रोजची सुई

यशवंतपुरात सत्यवतीला लहानथोर सगळे अक्काच म्हणत. रेशीम खात्याच्या कचेरीत ती टंकलेखनाचं काम करी. तिथले साहेबही अक्का म्हणत, रेल्वे फाटकाजवळची फूलवालीही अक्का म्हणे. पण खरी अक्का ती एकट्या रघुनंदनाची. आई गेली तेव्हा तो पाटीवर अक्षरं गिरवत होता आणि ती मॅट्रिकची तयारी करत होती. वडील, नरसिंहराव, अबोल माणूस. घराणं बंगळुरात येऊन तीनशे वर्षं झाली एवढं ते पाहुण्यांना सांगत, त्याहून जास्त बोलत नसत. तेव्हा रघूला न्हाऊ घालायचं, शाळेत सोडायचं, खोटं बोलला तर उपाशी ठेवायचं आणि मग स्वतःच रडत रडत भरवायचं, हे सगळं सत्यवतीनं केलं. तिच्या लग्नाची गोष्ट दोनदा निघाली. दोन्ही वेळा ‘रघूचं कसं’ इथं येऊन अडली. तिसऱ्यांदा ती कुणी काढली नाही.

रघू शिकला, एका कंपनीत नकाशे काढायच्या कामाला लागला. हुबळीच्या सुलभाशी त्याचं लग्न झालं आणि जे. पी. नगरात त्यानं बिऱ्हाड केलं. सुप्रीता झाली, तिच्या पाठीवर ध्रुव झाला. दर रविवारी सत्यवती दोन बस बदलून तिकडं जाई, दिवसभर पोरांत रमे आणि दिवेलागणीला परत येऊन वडील गेल्यापासून रिकाम्या पडलेल्या आपल्या घराचं कुलूप काढी. रविवार होता म्हणून तिचे बाकीचे वार निघत.

ध्रुव तीन वर्षांचा असताना तापानं फणफणला. तो रविवारच होता. “अंगारा पुरे झाला, डॉक्टरकडं चला,” असं म्हणून सत्यवतीनंच त्याला खांद्यावर घेतलं आणि गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई दिली. पोराचे ओठ तिच्या डोळ्यांदेखत निळे पडत गेले. सुलभा मागून धावत पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. औषध अंगावर आलं, लाखात एखाद्याला असं होतं, असं डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं. घरात त्यावर कुणी सत्यवतीला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

कनकपुराच्या रस्त्यानं शहर संपलं की नारळाच्या बागेत एक मठ होता. तिथल्या अम्मा पूर्वी शाळेत शिकवत. त्या पैसे घेत नसत, चमत्कार दाखवत नसत. आलेल्याला जवळ बसवून घेत आणि त्याचं ऐकून घेत. ध्रुव गेल्यापासून कोरड्या डोळ्यांनी वावरणारी सुलभा तिथं पहिल्यांदा रडली. ते पाहून रघूनं त्या जागेला मनोमन हात जोडले, ते कायमचे. मठाचा नियम एकच आणि कडक होता. शरीर देवाचं, त्यात सुई जायची नाही, गोळी जायची नाही. तीर्थ, उपवास आणि प्रार्थना एवढंच. रघूनं घरातलं औषधाचं कपाट रिकामं करून त्यात देवाची वस्त्रं ठेवली.

सत्यवती कोणत्या तोंडानं बोलणार?

एकोणीसशे नव्वद साली उन्हाळ्याच्या तोंडावर सुप्रीता वाळायला लागली. नऊ वर्षांची पोर, रात्रंदिवस पाणी मागे, शाळेत बाकावरच मान टाके. मठातून तीर्थ येत होतं. एका रविवारी सत्यवती पोचली तेव्हा रघू आणि सुलभा मुलीसाठीच्या संकल्पाला मठात निघाले होते. “अक्का, स्वल्प वेळ तिच्याजवळ बस. आम्ही दुपारपर्यंत येतो,” रघू म्हणाला.

ते गेले आणि थोड्याच वेळात पोरीचा श्वास बदलला. खोल, भरभर, कुणीतरी मागे लागल्यासारखा. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येत होता. “सुप्री, ए सुप्री,” सत्यवतीनं हलवलं, तर पोरीनं डोळे उघडले पण ओळख दिली नाही. सत्यवती उंबऱ्यात उभी राहिली. याच दारातून तिनं ध्रुवाला नेलं होतं. मग मागून तो श्वास पुन्हा ऐकू आला आणि तिनं पोरीला लुगड्यात गुंडाळून उचललं, रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. मुलांच्या सरकारी इस्पितळात पोचेपर्यंत ती पोरीच्या ओठांकडं बघत होती. ते निळे नव्हते.

डॉक्टरांनी लघवी तपासली आणि सांगितलं, साखरेचा आजार आहे, मुलांना होतो तो. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर मूल हाती लागलं नसतं.

रघू आणि सुलभा संध्याकाळी धावत आले. सलाइन लावलेल्या लेकीचे पाय हातात धरून रघू तिथंच जमिनीवर बसला. तिसऱ्या दिवशी सुप्रीता उठून बसली, इडली मागू लागली. रघू हसला. त्याच वेळी डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं की ही सुई आता रोज, दोन वेळा, आयुष्यभर. रघूचं हसू मावळलं.

“ती बरी झाली. आता आम्ही घरी नेतो,” तो म्हणाला.

“सुई बंद झाली तर महिनाभरही जगणार नाही,” डॉक्टर म्हणाले.

“जगवणारे आपण कोण?” रघू शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. सत्यवतीला भीती वाटली ती त्याचीच.

व्हरांड्यात तिनं सुलभाला गाठलं. “तू तरी त्याला सांग गं. तू आई आहेस.”

सुलभा भिंतीकडं बघत म्हणाली, “ध्रुवालाही तुम्हीच नेलं होतं, अक्का.”

दोन वर्षं न बोललेलं ते वाक्य अखेर बोललं गेलं. सत्यवतीला वाटलं होतं त्याप्रमाणं बरं काही वाटलं नाही.

बाप नैसर्गिक पालक. तो सही करून मुलीला नेतो म्हणाला तर आम्ही कुठवर अडवणार, असं इस्पितळातल्यांनी तिला एकीकडं घेऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी कचेरीत न जाता सत्यवती विश्वेश्वर वकिलांकडं गेली. म्हातारे गृहस्थ, मल्लेश्वरात राहत, वडिलांच्या ओळखीचे.

“माझा भाऊ वाईट नाही हो,” तिनं बसता बसताच सांगितलं.

“तीच तर पंचाईत आहे,” वकील म्हणाले. “दारुडा असता, मारझोड करणारा असता, तर कोर्टाला विचार करायची गरज नव्हती. तुम्ही एका चांगल्या बापाकडून त्याचं मूल मागताय, अक्का.”

“मला मूल नको. तिला सुई मिळू दे फक्त.”

“कोर्टात दोन्हींचा अर्थ एकच होईल. आणि एक सांगून ठेवतो. कुटुंब न्यायालय आहे ते, तिथं वकिलापेक्षा माणसानं स्वतः बोलावं असा रिवाज आहे. मी अर्ज लिहून देईन, मागं बसेन. भावासमोर उभं राहून बोलायचं तुम्हालाच.”

अर्ज गेला, डॉक्टरांचा दाखला जोडला. निकाल लागेपर्यंत मुलीला इस्पितळातून हलवू नये, असा तात्पुरता हुकूम त्याच दिवशी मिळाला. तो कागद रघूच्या हाती पडला तेव्हा सत्यवती तिथं होती. त्यानं तो दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. तिच्याकडं पाहिलंही नाही.

सुनावणीला न्यायाधीशबाई होत्या, बुटक्या, चष्मेवाल्या, आवाज मास्तरणीसारखा. सगळं कानडीत चाललं होतं. सत्यवतीनं काय सांगितलं ते तिला नंतर आठवत नसे. लाकडी कठड्याचा गारवा हाताला लागत होता एवढंच आठवे. मग बाईंनी रघूला विचारलं आणि त्यानं ध्रुवाचं सांगितलं, मठाचं सांगितलं, काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. त्यानंतर बाईंनी इस्पितळातून आणवलेल्या सुप्रीताला आपल्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“मुलीला घरी जायचंय,” त्या रघूला म्हणाल्या. “तुमच्याकडं. तिचा तुमच्यावर फार जीव आहे. तुमची श्रद्धा काय असावी हे सांगणं माझं काम नाही. मला मुलीचा जीव बघायचा आहे. रोज सुई देऊ देईन, एवढं शपथेवर लिहून द्या. अर्ज इथंच निकालात काढते, मुलीला आजच घेऊन जा.”

रघू खाली बघत उभा राहिला. सुलभानं त्याची बाही ओढली आणि घरच्या बोलीत कुजबुजली, “म्हणा हो म्हणून. पुढचं पुढं बघू.”

रघूनं मान हलवली. तोही मराठीतच बोलला, पण मोठ्यानं. “देवासमोर एक आणि इथं एक, असं मला येत नाही. लिहून दिलं तर द्यावी लागेल. आणि मी देणार नाही.”

“काय म्हणताहेत हे?” बाईंनी सत्यवतीला विचारलं.

सत्यवतीनं रघूकडं पाहिलं. लहानपणी एका खोट्यासाठी तिनं या मुलाला उपाशी ठेवलं होतं. त्यानं आज खोटं बोलायचं ठरवलं असतं तर तो लेकीला घेऊन घरी गेला असता, आणि लेक गेली असती. तिनं रघूचं वाक्य शब्दाला शब्द कानडीत सांगितलं. सुलभाचं सांगितलं नाही. ते तिनं बाहेर कुणाला सांगितलं नाही, जन्मभर.

बाईंनी हुकूम लिहिला. मुलगी सज्ञान होईपर्यंत आत्याच्या ताब्यात राहील. आईवडिलांनी महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी तिला भेटावं. उपचारांत कुणी आडकाठी करू नये.

बाहेर पायऱ्यांवर रघू थांबला. सत्यवतीला वाटलं, आता शिव्या देईल. तो म्हणाला, “अक्का, झोपेत ती पाय पोटाशी घेते. पांघरूण सरकतं.” मग सुलभाला घेऊन तो पायऱ्या उतरून गेला.

इतक्या वर्षांनी सत्यवतीच्या घरात दुसरं माणूस राहायला आलं होतं आणि घर पूर्वीपेक्षा गप्प झालं होतं. सकाळी सुईची काचेची पिचकारी उकळायची, ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवलेली औषधाची बाटली काढायची. परीक्षानळीत निळं औषध घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. निळं राहिलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर वाईट. सुप्रीता रडत नसे, पळत नसे. सुई टोचताना डोळे मिटून मठातली प्रार्थना पुटपुटे. एकदा तिनं विचारलं, “आत्या, मी आता बाटले ना?”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मला माहितीय.”

सत्यवतीनं कापसाचा बोळा दंडावर दाबून धरला. “देव तुझ्या अंगात राहतो म्हणतात ना मठात? मग त्याला राहायला अंग तर हवं.”

पोरीला ते पटलं की नाही कळलं नाही. पुन्हा तिनं विचारलं नाही. पण सत्यवतीच्या मांडीवरही ती कधी आली नाही. ठरल्या रविवारी लवकर उठून वेणी घालून बसे, दारात रिक्षा वाजली की पळत सुटे. रघू फाटकापाशीच थांबे. मुलीला लालबागेत नेई, संध्याकाळी आणून सोडे. येताना पेरू आणे, मिठाई कधी आणली नाही. ते बघून सत्यवतीला भरून येई. सुई मानत नव्हता, पण लेकीला काय चालत नाही हे त्यानं कुठूनतरी विचारून घेतलं होतं. खिडकीतून ती त्याच्याकडं बघे. त्याचे केस पांढरे होत चालले होते. तो खिडकीकडं बघत नसे.

नातेवाइकांनी तोंड फिरवलं. भावाचं लेकरू कोर्टातून उचलून आणलं, स्वतःला नव्हतं म्हणून, असं चुलत घरी बोललं गेलं. ते तिच्या कानावर यावं अशी व्यवस्थाही झाली. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. एका लग्नात ती जाऊन बसली तर शेजारची बाई उठून पंखा जवळ हवा म्हणत पलीकडं गेली. पंखा सत्यवतीच्या डोक्यावर होता. त्यानंतर ती कुणाकडं गेली नाही. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर भाजी चिरायची, रागीची भाकरी थापायची, अभ्यास करणाऱ्या मुलीच्या पाठीकडं बघत बसायचं. “काही हवं का गं?” “नको, आत्या.” एवढंच त्या दोघींचं बोलणं होई कित्येक दिवस.

चार वर्षांनी एका दुपारी दार वाजलं. सत्यवती तापामुळं रजेवर होती. दारात सुलभा उभी होती, एकटी, हातात मोगऱ्याचा गजरा. आत येऊन ती माठाजवळ बसली आणि म्हणाली, “कसं देता ते दाखवा मला.”

सत्यवतीनं रिकाम्या पिचकारीनं, एका वांग्यावर टोचून दाखवलं. पहिल्यांदा सुलभाची सुई तिरकी गेली. दुसऱ्यांदा तिनं नीट टोचलं आणि तोंडावर पदर घेतला.

“मी तेव्हा त्यांना खोटं बोला म्हटलं होतं,” ती म्हणाली.

“मी ऐकलं होतं.”

“सांगितलं नाहीत बाईंना.”

“नाही.”

“त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला अजून वाटतं, अक्का. आणि बोलले नाहीत म्हणून पोर आहे, हेही कळतं. दोन्ही एकाच डोक्यात घेऊन मी तिथं आरतीला उभी राहते.”

त्या पावसाळ्यात सुलभा अधूनमधून येत राहिली. रघू कामावर गेला की निघायची, सुप्रीता शाळेतून यायच्या आत परत. सत्यवती त्यासाठी रजा टाकू लागली. दोघी काफी पीत, फार काही बोलत नसत, पण तेवढ्या दुपारी सत्यवतीला घरात माणसाचा वास येई. दसरा झाला आणि सुलभा यायची थांबली. सत्यवती रजा टाकून वाट बघत राहिली. कितीतरी दिवसांनी सुप्रीताकडून कळलं. सुलभानं नवऱ्याला सगळं आपणहून सांगून टाकलं होतं. तो रागावला नाही. जेवला नाही, तीन दिवस. मग सुलभानं जायचं सोडलं.

वर्षं गेली. काचेच्या पिचकारीच्या जागी प्लास्टिकची आली, शेजारी निधी नावाची पुण्याची मुलगी राहायला आली, ती संगणकाच्या कंपनीत होती आणि तिच्याकडं फ्रीज होता. माठातली बाटली तिकडं गेली. सुप्रीता बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून आपली सुई आपणच घेऊ लागली. पंधराव्या वर्षी पुटपुटणं थांबलं. ते थांबलं त्या दिवशी सत्यवतीला आनंद व्हायला हवा होता. उलट घरातला एक आवाज कमी झाल्यासारखं वाटलं.

नव्याण्णव साली सुप्रीता अठरा वर्षांची झाली. कोर्टाचा हुकूम आपोआप संपला. तिला जयनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. एके सकाळी सुई घेऊन झाल्यावर ती म्हणाली, “आत्या, मी घरी राहायला जाते. तिथून कॉलेज जवळ पडतं.”

“घरी,” सत्यवती म्हणाली. मग म्हणाली, “आणि सुई?”

“मी अण्णांना सांगितलं. मी घेणार, तुमच्यासमोर घेणार, नाहीतर येत नाही म्हटलं.”

“काय म्हणाला?”

“काहीच नाही. गप्प बसले. मग आईला म्हणाले, हिची खोली झाडून ठेव.”

पिशवी भरताना सत्यवतीनं मदत केली. निघताना सुप्रीता वाकून पाया पडली आणि तशीच तिच्या गळ्यात पडली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. “तू मला वाचवलंस, हे मला कळत नाही असं नको समजूस,” ती म्हणाली. “पण मला ते दोघं हवे होते गं. रोज हवे होते.”

“माहीत आहे मला,” सत्यवती म्हणाली.

महिन्याभरानं सुप्रीता भेटायला आली, अंगावर तेज होतं. तिनं सांगितलं, सकाळ-संध्याकाळ ती पिचकारी काढते तेव्हा अण्णा उठतात, बाहेर फाटकाशी जाऊन पाठमोरे उभे राहतात. तिचं झालं की आत येतात आणि ताट वाढा म्हणतात. अम्मांनी मठात यायला मनाई केली आहे, तरी ते जातात आणि बाहेरूनच नमस्कार करून येतात.

“माझं काही विचारतो?”

“नाही, आत्या.”

पुढच्या रविवारी सत्यवतीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि दोन बस बदलून ती जे. पी. नगरला गेली. आपण का चाललो आहोत हे तिला नीट ठाऊक नव्हतं. गल्लीच्या वळणावर आली आणि थबकली. फाटकाशी रघू उभा होता, घराकडं पाठ करून, दोन्ही हात मागं बांधून. केस पुरते पांढरे झाले होते. त्यानं तिला पाहिलं. पळून जायला तिला जागा नव्हती, त्यालाही नव्हती. ती चालत फाटकापर्यंत आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. दोघं रस्त्याकडं तोंड करून उभे होते. समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता.

“वेळ लागतो का फार?” रघूनं विचारलं. तिच्याकडं न बघता.

नऊ वर्षांनी ऐकलेला तो आवाज. “नाही. झालं असेल एव्हाना.”

“दुखतं?”

“सवय झालीय तिला.”

त्यानं मान डोलावली. घरातून सुप्रीतानं हाक मारली, “अण्णा, या!” तो वळला, फाटकातून आत गेला. ये म्हणाला नाही. फाटकाची कडी लावताना त्याचा हात क्षणभर रेंगाळला की तिला तसं वाटलं, हे तिला कधी ठरवता आलं नाही. आतून ताटांचा आवाज आला, सुलभाचं काहीतरी बोलणं, पोरीचं हसणं.

सत्यवती आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग बसथांब्याकडं निघाली. रविवारची सकाळ असल्यामुळं बस रिकामी होती. तिला खिडकीजवळची जागा मिळाली.